रिकाम्या पानांची खानावळ

घाटाच्या पायथ्याशी एक बाजारगाव होतं आणि त्या गावात, फार फार पूर्वी, एक खानावळवाला राहत होता. त्याच्याकडची कटाची आमटी अशी होती की घाट उतरणारी माणसं वरच्या वळणापासूनच तिच्या गोष्टी करू लागत. आमटी खरंच चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे या माणसाबद्दल माझ्या तोंडून एकही चांगला शब्द निघणार नाही.

त्या गावात एक रीत होती. माणसासमोर पान मांडलं आणि पानाच्या कडेला मीठ वाढलं, की त्याने जेवल्याशिवाय उठायचं नाही. उठला तर तो अन्नाचा अपमान. रीत चांगल्या हेतूने पडलेली होती. रुसून किंवा भांडून कोणी उपाशी उठू नये, एवढाच जुन्या माणसांचा विचार होता.

खानावळवाल्याने त्यातून भलताच फायदा काढला. बाजारात आणखीही खानावळी होत्या आणि गिऱ्हाईक कुठे वळेल याचा नेम नसे. त्याच्या लक्षात आलं, की दारात आलेल्याला चटकन बसवावं, पुढ्यात पान टाकावं, मीठ वाढावं, म्हणजे तो अडकला. मग त्याला सावकाश वाढलं तरी तो जातोय कुठे?

झालं. त्याने वाढप्यांच्या हातातल्या पळ्या काढून घेतल्या आणि त्यांना पानांचे गठ्ठे दिले. सगळे दाराशी, पानं मांडायला. वाढायला उरला एक म्हातारा वाढपी, तोही गुडघ्यांनी अधू. पंगती लांबच लांब दिसू लागल्या. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, केवढी ही गर्दी, इथलं जेवण फारच चांगलं असणार. आत बसलेले मात्र रिकाम्या पानाकडे बघत बसत.

लोक चरफडत, पण उठत नसत. आणि एकदाची आमटी पोटात गेली की बाहेर येऊन एकमेकांना सांगत, "आमटी मात्र झकास हं." मला या लोकांचाही कमी राग येत नाही. यांनीच त्याला डोक्यावर बसवलं होतं.

त्याच गावात एक कासारीण होती. दारोदार फिरून बायकांना बांगड्या भरायची. घरात ती आणि तिचा म्हातारा बाप, दोघंच. त्या वर्षी म्हाताऱ्याला तापाने धरलं. ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. मऊ भात पुढे केला की म्हातारा मान फिरवी. दुधात कुस्करलेली भाकरी तशीच वाटीत राही. त्याचे हातपाय काटकुळे झाले.

वैद्याने नाडी पाहिली आणि तो म्हणाला, "आता माझ्या औषधाने काही होणार नाही. हे स्वतःहून काही खायला मागतील, तेव्हा ते लगेच द्या. ती वेळ चुकवू नका."

कासारीण त्या वेळेची वाट बघत राहिली. आणि एका सकाळी म्हातारा आपला आपण उठून बसला. "पोरी," तो म्हणाला, "त्या खानावळीतली आमटी खावीशी वाटतेय गं. भातावर घालून, गरम गरम."

"आत्ता घेऊन येते, आबा."

"नको, मला तिकडेच ने. चार माणसांत बसलं की दोन घास जास्त जातात."

कासारणीने बांगड्यांची पेटी कोनाड्यात सारली आणि बापाचा हात धरून निघाली. वाटेत तो दोनदा टेकला, पण परत फिरूया म्हणाला नाही. खानावळीच्या दारात पाय ठेवतोय न ठेवतोय, तोच "या, या, बसा, बसा" म्हणत दोघांना पंगतीत बसवलंही. पुढ्यात पानं आली, मीठ आलं. चुलीवरून आमटीचा वास येत होता. म्हाताऱ्याने मिठाला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

"चव लागतेय गं," तो म्हणाला.

कासारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता गरम भात आणि आमटी समोर आली की झालं, आपला बाप परत आला, असं तिला वाटलं.

पण काहीच समोर आलं नाही. म्हातारा वाढपी लंगडत लांबून जाई आणि "येतंय, येतंय" म्हणे. दाराशी नवी माणसं येत, त्यांची पानं मांडली जात, पंगत आणखी लांब होई. कासारणीचा बाप सुरुवातीला चुलीच्या दिशेने मान उंच करून बघत होता. मग त्याने भिंतीला पाठ टेकली. मग त्याने डोळे मिटले.

खानावळवाला जवळून जाताना दिसला तशी कासारीण म्हणाली, "मालक, माझ्या बापाने दुखण्यानंतर आज पहिल्यांदा खायला मागितलंय. मला काही नको. त्यांच्या पानावर तेवढा घासभर भात आणि पळीभर आमटी घाला. त्यांची भूक मरून जाईल."

खानावळवाला थांबला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. चूल हाकेच्या अंतरावर होती आणि पातेल्यात आमटी उकळत होती. त्याला फक्त तिथवर जाऊन यायचं होतं. तेवढ्यात दाराशी घोड्यांच्या टापा वाजल्या. व्यापाऱ्यांचा एक तांडा उतरत होता आणि समोरच्या खानावळीकडे बघत होता.

"तुम्ही काय, बसलेल्याच आहात बाई," खानावळवाला म्हणाला. "तुम्ही कुठे जाताय? त्यांना आधी बसवू द्या."

आणि तो दाराकडे धावला. मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, पण या वाक्यापाशी आलं की माझं डोकं अजूनही सणकतं.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "राहू दे पोरी," तो म्हणाला. "आता नको वाटतंय." आणि त्याने मान फिरवली, घरी भाताच्या वाटीपुढे फिरवायचा तशीच.

कासारीण उठली. तिने बापाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. सगळी पंगत तिच्याकडे बघू लागली. शेजारच्या पानावर एक तांबट बसला होता, भला माणूस. तो हळूच म्हणाला, "ताई, मांडल्या पानावरून उठू नये. अन्नाचा अपमान होतो."

"दादा, अन्न आहे कुठे?" कासारीण म्हणाली. "हे पान आहे, हे मीठ आहे. अन्न तिकडे चुलीवर आहे आणि ते भुकेल्या माणसापर्यंत आणायला इथे कोणाला सवड नाही. अपमान केव्हाचा चाललाय. माझ्या उठण्याने होत नाही तो."

खानावळवाला दारातून लगबगीने आला. एवढ्या लोकांसमोर, तेही व्यापारी बघत असताना, गिऱ्हाईक उठलं होतं. "रीत मोडता, बाई?" त्याने आवाज चढवला.

"रीत तुम्ही मोडलीत," ती म्हणाली. "पान मांडलं म्हणजे वाढायचा शब्द दिला. तुम्ही सकाळपासून नुसते शब्द देत सुटलाय. आणि लोकांना लाज वाटते म्हणून ते बसून राहतात, त्या लाजेवर तुमचा धंदा चाललाय. माझ्या बापाची भूक मी किती दिवस वाट पाहून मिळवली होती. ती तुम्ही इथे बसवून मारलीत."

तांबटाने आपल्या पानाकडे पाहिलं. मीठ ओलं होऊन पसरलं होतं. तोही उठला. मग त्याच्या पलीकडचा उठला, मग समोरचे उठले, आणि बघता बघता अख्खी पंगत उभी राहून दाराकडे चालू लागली. व्यापाऱ्यांनी बाहेर पडणारी माणसं पाहिली, त्यांच्या मागे पसरलेली कोरी पानं पाहिली आणि आपले घोडे समोरच्या खानावळीकडे वळवले.

पातेली भरलेली राहिली. उन्हाळ्याचे दिवस होते. संध्याकाळपर्यंत भात आंबला आणि ती नावाजलेली आमटी गटारात ओतावी लागली. कुत्रीसुद्धा तिला तोंड लावेनात.

त्या दिवसापासून गावाची रीत पालटली. वाढपी हातात पळी घेऊन पंगतीत उभा दिसल्याशिवाय त्या गावात कोणी पानावर बसेना. खानावळवाल्याने झक मारत वाढप्यांना पळ्या परत दिल्या. पण लोक आता त्याच्या दारावरून सरळ पुढे जात.

काही दिवसांनी तो स्वतः आमटीचं भांडं घेऊन कासारणीच्या घरी आला. आमटी ताजी होती, गरम होती, नेहमीइतकीच चांगली होती. म्हातारा अंथरुणावर पडून होता. त्या दिवसानंतर त्याने काही मागितलं नव्हतं. कासारीण चमच्याने पेज पाजायची, तेवढीच पोटात जायची. खानावळवाला उशाशी बसला आणि त्याने भांड्यावरचं झाकण काढलं.

"आजोबा, तुमच्यासाठी आणलीय," तो म्हणाला. "चुकलं माझं. पोटभर घ्या."

म्हाताऱ्याने वाफेकडे पाहिलं, मग खानावळवाल्याकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"मी त्या दिवशी मागितली होती, बाबा," तो म्हणाला आणि त्याने मान फिरवली.

तात्पर्य, ऐकणाऱ्याला झोंबलं तरी चालेल: ज्याला आपल्या दारात बसवून घेतलं, तो आता कुठे जाणार, असं समजून त्याला ताटकळत ठेवू नका; त्याची वेळ निघून गेल्यावर तुमचं सगळ्यात चांगलं पक्वान्नही त्याच्या उपयोगाचं नसतं.