भरलेली पेटी

"मग माझं चुकलं कुठं, नाना?"

नाना पॅसेजमध्ये भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. वाती वळत होते. त्यांनी मान फिरवली नाही.

श्रीरंग त्यांच्या मागं उभा. हातात पत्र्याची पेटी, काठोकाठ भरलेली.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीमागं संस्थेच्या या दोन खोल्या. पुरुषावर जीव जडलेले पुरुष इथं येत. कुणी बायकापोरांचा, कुणी एकटा, पण गावाला पत्ता लागू न दिलेला. त्या पेटीत कंडोमची पाकिटं असत. ती पॅसेजच्या कोपऱ्यात ठेवलेली, आणि रिवाज असा की पेटीजवळ बसणाऱ्यानं भिंतीकडं तोंड करायचं. येणारा येई, मूठभर उचली, जाई. कुणी आला हे नानांना कळे, कोण आला हे ते बघत नसत. एड्सला औषध नव्हतं त्या काळात नानांचा स्वतःचा माणूस गेला. तेव्हापासून ते त्या भिंतीकडं बघत आलेले.

करोनाची टाळेबंदी लागली. नानांचं वय झालेलं, त्यात साखर. श्रीरंगनं, म्हणजे त्यांनीच हाताखाली घडवलेल्या चेल्यानं, त्यांना घरी बसवलं आणि खुर्ची आपल्याकडं घेतली.

घेतली आणि फिरवली. दाराकडं.

टाळेबंदी उठून नाना परत आले, तेव्हा ती पुन्हा भिंतीकडं वळली.

"ताप मोजायचा तर तोंड बघायला नको?" श्रीरंग म्हणाला. "माझी ताई गेली, नाना. दवाखान्यात खाट मिळेपर्यंत गेली. म्हणून मी येईल त्याला विचारायचो. बाहेर कशाला फिरतोस? कुणाला भेटलास? यात वाईट काय होतं?"

"काही नाही."

"आणि पेटी बघा. भरलेलीच राहिली. मला वाटलं, पोरं शहाणी झाली, घरात बसली. मी सगळ्यांना सांगत होतो, आपल्यासारखी शिस्त जिल्ह्यात नाही."

खरंच सांगत होता. छाती फुगवून सांगत होता. त्याच्यावर चिडावं म्हटलं तर ती ताई डोळ्यांसमोर येते, आणि चिडताही येत नाही.

"पोरं एकमेकांना भेटत नव्हती?" नानांनी विचारलं.

श्रीरंगनं आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

आतल्या खोलीत रोहिदास बसला होता. डेअरीच्या दुधाच्या गाडीवरचा. टाळेबंदीत ज्यांना फिरायची मुभा होती, त्यांच्यातला. सकाळी त्याच्या तपासणीचा निकाल आला होता. एचआयव्ही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, रोज घेतल्या की माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, हे श्रीरंगनं त्याला पुन्हा पुन्हा सांगून झालं होतं. तो एवढंच म्हणत होता, "मी घरी जातो."

"असा गेला तर परत यायचा नाही, नाना. गोळ्या घेणार नाही. माझ्याकडं बघतसुद्धा नाही तो."

"का बघत नाही?"

श्रीरंगनं पेटी खाली ठेवली.

"तो आला होता. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात. मी ताप मोजला. विचारलं, काय काम काढलंस? म्हणाला, पाणी प्यायला थांबलो. मी पाणी दिलं…"

"पेटी कुठं होती?"

"माझ्या पुढ्यात. टेबलावर."

"मग पाणी प्यायला का तो?"

"…नाही. तांब्या तसाच ठेवून गेला."

नानांच्या बोटांतली वात तशीच राहिली. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. डोळे पुसले, नाक शिंकरलं, मग उठले.

"बस."

श्रीरंग बसला. सवयीनं दाराकडं तोंड करून. नानांनी त्याला खांद्यांना धरून भिंतीकडं वळवलं.

"शिक्षा का, नाना?"

नाना आतल्या खोलीकडं बघून म्हणाले, "रोहिदास, जायचं तर जा बाबा. दार उघडं आहे. इथं कुणी बघत नाही."

मग चपलांचा आवाज पॅसेजमध्ये आला. श्रीरंगच्या मागं येऊन थांबला.

"मला पाणी नको होतं, दादा."

"कळलं रे," श्रीरंग भिंतीला म्हणाला.

"तुमची ताई नुकतीच गेलेली. लोक मरायला लागलेले. अशात हे कसं मागायचं? माझीच मला लाज वाटली…"

श्रीरंगचे खांदे हलायला लागले. त्याला उठायचं होतं, वळून त्या पोराला जवळ घ्यायचं होतं. नानांचा हात खांद्यावर घट्ट होता.

"गोळ्यांची बाटली मोठी असते का?" रोहिदासनं हळूच विचारलं. "म्हणजे… आईच्या नजरेला पडंल का?"

"इथं ठेव की," श्रीरंग म्हणाला. "माझ्या कपाटात. दूध टाकून जाताना रोज घेत जा."

"सकाळी लवकर असतो मी."

"मी उघडतो लवकर."

रोहिदास रडत होता. पण चपला जागच्या हलल्या नव्हत्या.

श्रीरंगनं भिंतीवरची नजर काढली नाही. कसाबसा म्हणाला, "नाना… आता वळू का?"

नानांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मला काय विचारतोस," ते म्हणाले. "त्याला विचार."