सात दारांची माती

एका गावात एक नवी सून आली. येताना बैलगाडीत तिने मनाशी ठरवलं होतं की घरात शिरल्याबरोबर आधी चूल पेटवायची, चहा ठेवायचा आणि मग सामान सोडायचं. घरात शिरून पाहते, तर चूलच नव्हती. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात दीड हात जागा स्वच्छ सारवून ठेवली होती आणि तिच्या मधोमध एक रिकामं घमेलं होतं.

या सुनेचं नाव सुवार्ता. तिचा नवरा शांतवन गावचा शिंपी होता. नाताळ महिन्यावर आला होता आणि गावातल्या प्रत्येक घरचं नवं कापड त्याच्या दुकानात येऊन पडलं होतं.

"चूल कुठे आहे?" तिने विचारलं.

"नव्या घरात नव्या सुनेनेच चूल घालायची असते," शांतवन म्हणाला. "घमेलं घेऊन सात घरी जायचं आणि प्रत्येक दारातून ओंजळभर माती मागून आणायची. नाताळच्या सकाळी चर्चमधून सगळी मंडळी आधी आपल्याकडे येतील. नव्या चुलीवरच्या पहिल्या घाण्याची करंजी खातील आणि मगच आपापल्या घरी जातील. आईच्या वेळेपासून असंच आहे."

"आणि तोवर आपण जेवायचं काय?"

"तोवर शेजारच्या रूथताईंकडून डबा येतो. तीही रीतच आहे."

 सुवार्ता लांबच्या शहरात शिकली होती. वसतिगृहात सात वर्षं राहिली होती. पण त्याआधीची वर्षं तिने अशाच एका गावात, आईचा खोकला ऐकत काढली होती. आईच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. धुराने तिचे डोळे कायम लाल असत, आणि त्या खोकल्यातच ती गेली. म्हणून शहरात सुवार्ता धुरांड्याची चूल घालायला शिकली. तिच्या वहीत सगळी मापं होती, धूर जायचा बोगदा केवढा ठेवायचा आणि धुरांडं कौलांच्या किती वर काढायचं तेही होतं. आपल्या घरात धूर होऊ द्यायचा नाही आणि पुढे गावातल्या एकाही घरात राहू द्यायचा नाही, अशी शपथ घेऊन ती आली होती.

दुसऱ्या दिवशी मार्थामावशी आली. गावातल्या निम्म्या चुली हिच्याच हातच्या. ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "चल सूनबाई, घमेलं घे. पहिलं दार माझंच."

"मावशी, मी माती मागायला येणार नाही."

"का गं? पाय दुखतायत?"

"पाय ठीक आहेत. पण स्वतःच्या घराची चूल मागून आणलेल्या मातीची कशाला? मला चूल घालता येते. मी नदीची माती आणीन, तीन वेळा चाळीन, खडा म्हणून ठेवणार नाही. माझी चूल धूरही करणार नाही."

 मार्थामावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. "बरं," म्हणाली. "घमेलं मात्र टाकू नको. कोंबड्यांना पाणी ठेवायला बरं पडतं."

सुवार्ता कामाला लागली. तिने नदीकाठचा गाळ टोपलीने वाहिला. तीनदा चाळला. माती लोण्यासारखी मऊ झाली. वहीतल्या मापाबरहुकूम तिने चूल घातली, मागे बोगदा काढला, धुरांडं कौलांतून वर नेलं. चूल वाळत होती तोवर तिने भिंतींना चुना दिला, जमीन सारवली, बांबूच्या कामट्यांची चांदणी करून तिला पतंगाचा कागद लावला. शांतवनच्या दुकानात गावभरच्या कपड्यांची कातरणं साठली होती. ती जोडून तिने खिडकीला आणि कोपऱ्याला पडदे शिवले. येणारीजाणारी बाई पडद्यापाशी थांबायची. "हा बघ माझ्या परकराचा तुकडा," कोणी म्हणायची. "आणि हा आमच्या ह्यांच्या सदऱ्याचा. घरी पाठ फिरवून बसतात, इथं खिडकीत लटकलेत." सगळ्या हसायच्या. सुवार्ताही हसायची.

डबा रोज येत होता. रूथताई भाकरी गरम गरम आणून ठेवायची आणि पदराने डोळे पुसायची. तिचे डोळे बघितले की सुवार्ताला आई आठवायची. मग ती आणखी जोमाने चुलीला हात फिरवायची.

नाताळला सहा दिवस राहिले तेव्हा तिने चूल पेटवून पाहिली. वर पाण्याचं पातेलं ठेवलं. घरात धूर आला नाही. ती धावत अंगणात गेली. कौलांवरून निळसर धुराची सरळ रेघ वर चालली होती. कितीतरी वेळ ती मान वर करून उभी राहिली.

आत काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. पाठोपाठ पातेलं पडलं.

चुलीला तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली होती. एक बाजू ढासळली होती आणि सांडलेल्या पाण्याने जाळ विझला होता. सुवार्ता तिथेच बसली. तिने वही उघडली, सगळी मापं पुन्हा पाहिली. मापं बरोबर होती.

शांतवन दुपारी जेवायला आला. चूल पाहून तो तिच्या शेजारी बसला.

"दुसरी घालायची, तर वाळायला दहा दिवस लागतील," ती म्हणाली. "नाताळ सहा दिवसांवर आहे."

त्याला बायकोचं तोंड बघवेना. "एक करता येईल," तो म्हणाला. "माझ्या दुकानात इस्त्रीच्या कोळशाची शेगडी आहे. ती इथं पडद्यामागे ठेवू. करंज्या तिच्यावर तळ. चुलीची भेग लिंपून वरून चुना दे. लोक करंजी खातात गं, चुलीत कोण डोकावतंय?"

"आणि नंतर?"

"नंतर सावकाश दुसरी घालू. तू एवढी राबलीस. पहिल्याच नाताळला गावाने तुला हसावं, हे मला नको आहे."

सुवार्तालाही ते नको होतं. तिने भेग लिंपली, ढासळलेली बाजू उभी केली, वरून चुन्याचे दोन हात दिले. पांढरीशुभ्र चूल कोपऱ्यात अशी शोभून दिसू लागली की तिला स्वतःलाच ती खरी वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतल्या बायका नवं घर बघायला आल्या. चुलीसमोर त्यांनी घोळका केला. कोणी धुरांड्याला हात लावून पाहिला.

"पेटवून बघितलीस?" एकीने विचारलं.

"हो," सुवार्ता म्हणाली. "घरात जराही धूर आला नाही."

हे खरं होतं. पण पुढचं ती बोलली नाही.

सगळ्या गेल्या, रूथताई मागे राहिली. "सुवार्ता," ती हळूच म्हणाली, "मलाही अशीच घालून देशील? धाकटा रात्रभर खोकतो. मी चुलीपाशी बसले की तो येऊन मांडीतच बसतो, उठायला मागत नाही."

"देईन की, ताई."

"मग आजच जुनी काढून टाकते. जागा मोकळी झाली की तू उद्यापासून घालायला घे. तोवर माझा स्वयंपाक तुझ्या चुलीवर होईल. तीन आठवडे तुम्ही माझं जेवलात, आता दहा दिवस मी तुझ्या जाळावर हक्क सांगते." ती हसली आणि डोळे पुसत निघून गेली.

सुवार्ताने तिला थांबवायला हवं होतं.  पण तिने मनाशी म्हटलं, जुनी चूल काय, अशी लगेच कोणी फोडत नाही.

भिंतीपलीकडून मुसळाचा पहिला घाव ऐकू आला.

सुवार्ता अनवाणीच धावली. रूथताई पदर खोचून उभी होती. तिच्या चुलीचा एक कोपरा खाली आला होता आणि मुसळ पुन्हा वर गेलं होतं. सुवार्ताने ते वरच्या वर धरलं.

"थांबा ताई. माझी चूल फुटली आहे. काल पेटवली तेव्हाच तडकली. वरून नुसता चुना आहे."

रूथताईने मुसळ खाली टेकवलं. "मघाशी तर म्हणालीस, देईन."

"खोटं बोलले."

"आणि करंज्या कशावर तळणार होतीस?"

"पडद्यामागे शेगडीवर."

रूथताई आपल्या चुलीच्या पडलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे आता तुझीही गेली आणि माझीही," ती म्हणाली. "पोरांना आज काय घालू? तुझी वही?"

 रूथताई सुवार्ताच्या घरी आली, चुलीपाशी बसली आणि नखाने चुना खरवडला. आतली माती चिमटीत धरून तिने चोळली.

"हा नुसता गाळ आहे," ती म्हणाली. "यात रेती नाही, तूस नाही, शेण नाही. नुसता गाळ वाळला की आकसतो. धग लागली की फुटणारच. अगं, सात घरं उगाच फिरवतात होय? ओढ्याकाठच्या घरी रेती मिळते. भातवाल्याकडे तूस. आमच्याकडे गोठा आहे, आम्ही शेण देतो. कौलांच्या भट्टीवरचे लोक विटकर कुटून देतात. मार्थामावशीच्या परड्यात वारूळ आहे, तिची माती चिकट. कोणाकडे काय मिळतं ते सुनेला एका फेरीत कळतं. चूलही टिकते आणि ओळखही होते."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कुठे? तू तर दारातूनच मावशीला परत पाठवलंस." रूथताई उठली. उंबऱ्यापाशी जाऊन वळली. "धुरांडं मात्र चांगलं काढलंयस. ते खोटं नाही."

त्या संध्याकाळी शांतवनने पडद्यामागे आणून ठेवलेली शेगडी उचलली आणि रूथताईच्या घरी नेऊन दिली. पोरं त्या शेगडीवरचं पिठलं जेवली. या दोघांचा डबा त्या दिवशी आला नाही, आणि दोघांनीही तो मागितला नाही. शिळ्या भाकरीचे तुकडे खाताना सुवार्ताची नजर पडद्यावर गेली. उन्हात, वाऱ्यात कितीतरी दिवस तो लटकत होता. कुठे उसवला नव्हता. त्यात गावातल्या एकूण एक घरचा तुकडा होता, आणि ते तुकडे घेताना तिला कमीपणा वाटला नव्हता.

"माझ्यामुळे झालं हे," शांतवन म्हणाला. "शेगडीचं मीच सुचवलं."

"तुम्ही सुचवलंत. चुना मी दिला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. पदर खोचला, रूथताईकडून मुसळ मागून आणलं आणि आपली पांढरीशुभ्र चूल फोडली. ढेकळं घरामागे टाकली नाहीत. सगळी अंगणात, रस्त्यावरून दिसतील अशी मांडली. चर्चची झाडलोट करायला निघालेली माणसं थांबून बघू लागली. कोणीतरी विचारलं, "काय गं सूनबाई, नवी चूल ना ही?"

"हो. चुकली होती," सुवार्ता म्हणाली. "मी एकटीने घातली होती."

मग कोंबड्यांपुढचं घमेलं तिने उचललं, घासून धुतलं, वही काखेत धरली आणि मार्थामावशीच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हातारी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"कोंबड्यांना पाणी कशात ठेवलंस?"

"परातीत."

"मग आता काय हवं?"

सुवार्ताने घमेलं दोन्ही हातांनी पुढे धरलं. "माती द्या, मावशी. आणि कशात किती मिसळायची ते सांगा. मला माहीत नाही."

मार्थामावशीने सूप बाजूला ठेवलं. "नाताळला चार दिवस आहेत," ती म्हणाली. "आज दुपारच्या आत कालवली पाहिजे. मग तुसाची मंद धग रात्रंदिवस ठेवायची. वाळते. मी तीन दिवसांत वाळवलेली आहे. तुझ्या फुटक्या चुलीची ढेकळं टाकली नाहीस ना? ती कूट. भाजलेली माती नव्या मातीला धरून ठेवते. वाया काही जात नाही." मग ती उठली, वारुळाची माती ओंजळीने घमेल्यात घातली आणि म्हणाली, "पण तो धूर बाहेर काढायचा बोगदा मला तुझ्या वहीतून समजावून सांगायचा. माझेही डोळे काही चांगले राहिले नाहीत."

सुवार्ता दारातून वळली, तर समोर रूथताई उभी होती. तिच्या हातात तिचं स्वतःचं घमेलं होतं.

"बघतेस काय?" रूथताई म्हणाली. "माझ्या चुलीचा एकच कोपरा पडला होता. सकाळी उरलेली मीच फोडली. दोन्ही चुलींची फेरी एका खेपेत होईल. चल, अजून सहा दारं आहेत."

आणि त्या सकाळी सुवार्ताने ठरवलं, की पहिली चूल रूथताईच्या घरात घालायची आणि आपली त्यानंतर. मंडळींनी करंजी खायची, ती तिथे खावी. वही तिने कमरेला खोचली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि ती दुसऱ्या दाराकडे चालू लागली.

तात्पर्य: आपलं शिकलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडावं असं वाटत असेल, तर आधी त्याच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायला शिकावं, आणि आपली चूल फुटली असेल, तर तिला चुना लावत बसू नये.