बुवा आधी पळाले

“…पण सगळ्यांच्या आधी? बुवा, तुम्ही सगळ्यांच्या आधी पळालात?”

चिंतामण टेकडी चढून आला होता तो हे विचारायलाच.

त्याचे गुरू राघोबुवा कातळावर पाय पसरून गुडघे चोळत बसले होते.

“हो,” ते म्हणाले. “पळालो.”

समुद्रापार कुठेतरी मोठा भूकंप झाला होता. लाट येऊ शकते, किनारा सोडा, असं सकाळपासून गाडीवरच्या भोंग्यातून सांगत होते. कोळीवाडा ढिम्म हलत नव्हता. मागच्या खेपेलाही असंच सांगितलं होतं आणि काही आलं नव्हतं. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या मठातून ऐंशीच्या घरातले बुवा बाहेर पडले, धोतर वर खोचलं आणि “मला भीती वाटते रे!” असं ओरडत भर वस्तीतून टेकडीकडे निघाले. लोक पोट धरून हसले. मग म्हाताऱ्याला एकट्याला कसं सोडायचं म्हणून मागोमाग निघाले. आता सगळी वस्ती टेकडीवर होती, कोंबड्या-बकऱ्यांसकट.

चिंतामण तेवढा मठात राहिला होता. ध्यान लावून.

“लोक हसतायत, बुवा. मरण म्हणजे काहीच नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“शिकवलं.”

“आणि तुम्हालाच भीती वाटते?”

“तुला नाही वाटत?”

“नाही.” त्याची मान ताठ झाली. “लाट आली असती तरी मी आसन सोडलं नसतं.”

“एकटाच होतास?”

“एकटाच. म्हणजे… मठाच्या दारात म्हातारी हिरूबाय होती. तिला चढवत नाही. सुनेने ओढून पाहिलं, तर म्हणाली, ‘ह्यो बाला बसलाय ना हितं, मंग मना कसली भीती?’”

बुवांचे हात गुडघ्यावर थांबले.

“अजून तिथेच आहे?”

“आहे…”

बुवा काठी टेकत उठले आणि पायवाट उतरू लागले.

“बुवा! कुठे?”

“तिच्यापाशी बसायला. मला काही ती उचलवणार नाही.”

“धोका टळल्याचं अजून सांगितलेलं नाही! लाट आली तर?”

“येऊ दे. मरण म्हणजे काहीच नाही.”

चिंतामणने धावत जाऊन त्यांचे पाय धरले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

…मग त्याने पाय सोडले आणि बुवांना ओलांडून उतारावरून धावत सुटला.

हिरूबाय अंगाने चांगली दणकट. तिला पाठीवर घेऊन चढताना तो सारखा मागे वळून समुद्राकडे बघत होता. पाठीवरची म्हातारीच त्याला धीर देत होती. वर पोचल्यावर त्याने तिला सुनेच्या हवाली केलं आणि कातळावर अंग टाकलं.

लाट आली नाही. उन्हं कलल्यावर भोंग्याने घरी जायला सांगितलं. लोक बकऱ्या हाकत, बुवांची थट्टा करत उतरले.

चिंतामण जागचा हलला नाही.

“बुवा…”

“हं?”

“मी घाबरलो. उतरताना घाबरलो, चढताना तर फारच. ती पाठीवर होती आणि मला जगायचं होतं.”

बुवा त्याच्याजवळ सरकले.

“इतक्या वर्षांची साधना, बुवा. आज सगळी गेली.”

त्याला रडू आवरेना.

बुवांनी आपल्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं.

“गेली ना?” ते म्हणाले. “मग उद्यापासून सुरू करू.”