पिवळ्या बोटांची आवडाई

फार वर्षांपूर्वी, आमच्या शिरसोळ्याला अजून गाडीरस्ता नव्हता आणि खाडीकडून येणाऱ्या माणसाला दोन टेकड्या चढाव्या लागायच्या, त्या काळात गावाच्या वरच्या अंगाला आवडाई नावाची बाई राहत होती. किती वर्षं झाली ते विचारू नका. आमच्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं, आणि त्या आजोबांनीही तिला पाहिलं नव्हतं.

आवडाई दिसायला कशी होती, ते कुणालाच ठाऊक नाही. बुटकी होती, असं म्हणतात. तोंडाने फटकळ होती, हे मात्र सगळेच सांगतात. लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत नवरा होडीसकट समुद्रात गेला. भावकीने वाटणी केली आणि तिच्या वाट्याला कातळ दिला. कातळ म्हणजे सलग दगड. वर बोटभर माती नाही, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात तवा. तरीही ती त्या वेळच्या गावकराकडे गेली. गावकर म्हणजे गावचा मुख्य माणूस. ती म्हणाली, "खालच्या कोपऱ्यात थोडी माती आहे. दोन दिवस तुमची बैलजोडी द्या, नाचणी पेरते." गावकराने दिली नाही. "एकट्या बाईने शेती करायची नसते," म्हणाला.

आवडाई परत आली आणि तिने टोपली उचलली. ओढ्याच्या काठची गाळाची माती टोपलीने वाहून ती कातळाच्या खळग्यांत भरू लागली. रोज सकाळी दहा खेपा. पाला कुजवला, चुलीची राख टाकली, मासे धुतलेलं पाणी ओतलं. एका खळग्यात भोपळा, एकात काकडी, एकात भेंडी, ओलाव्याला अळू आणि सुरण. बांबू रोवून मांडव घातला आणि त्यावर पडवळ चढवलं, शिराळं चढवलं. शिराळं म्हणजे तुमचा दोडका. तीस वर्षं ती तेच करत राहिली. श्रावण-भाद्रपदात तिचा कातळ दुरून हिरवा डोंगर दिसायचा. गाव तिला हसायचं, आणि तीही गावाशी फारशी बोलायची नाही.

मग ते वर्ष आलं.

वैशाखात गुरांना बुळकांडी लागली. आधी एका गोठ्यातला बैल तोंडातून लाळ गाळत बसला, तो उठला नाही. मग शेजारचा. पंधरवड्यात गावातले बैल गेले, गाई गेल्या, रेडेही गेले. गुरं पुरून पुरून माणसांचे हात सोलले. शेवटचा बैल गेला त्या दिवशी गावात गुरांच्या गळ्यातली एकही घंटा वाजली नाही, आणि ती शांतता बायकांना सहन होईना, असं म्हणतात.

मृगाचा पाऊस वेळेवर आला, पण नांगर ओढणार कोण? चार बाप्यांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तिसऱ्या तासाला एकजण चिखलात तोंडावर पडला, आणि बाकीच्यांनी जू खाली ठेवलं. भात लावलं नाही तर वर्षभर खायचं काय? कणगीतलं धान्य आषाढापर्यंतही पुरलं नसतं. आजूबाजूच्या गावांचीही तीच गत होती.

तेव्हा जुन्या गावकराचा मुलगा धाकोजी गावकरकी करत होता. त्याने सगळ्यांना देवळात बोलावलं आणि ठरलं की गाव सोडायचं. घाट चढून देशावर जायचं आणि मिळेल ते काम करायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण धाकोजीचं लक्ष खांबाला टेकून बसलेल्या सुनेकडे होतं. गोमतीला सातवा महिना होता. पाय सुजलेले, चार पावलं चालली की बसायची. तिचा नवरा जहाजावर कामाला गेलेला होता, तो वर्षाने परतणार होता. ती घाट चढू शकणार नाही, हे तिलाही कळत होतं.

तेवढ्यात आवडाई देवळात आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"कुठे निघालात सगळे?" तिने विचारलं.

"घाटावर," धाकोजी म्हणाला. "इथे राहून काय माती खायची?"

"आणि ही?"

धाकोजीने मान खाली घातली.

"शेतातलं मला काही कळत नाही," आवडाई म्हणाली. "पण आळं खणायला बैल कशाला लागतो?"

मागून कुणीतरी म्हणालं, "भाजीपाल्यावर गाव जगतं काय गो, आवडाय?"

"मी जगले की."

कुणी हसलं नाही. धाकोजी उठून तिच्यापुढे गेला. सगळ्यांदेखत म्हणाला, "आवडाय, माझ्या बापाने तुला जोडी दिली नाही. मी तेव्हा दारात उभा होतो. मीही काही बोललो नाही."

 आवडाई म्हणाली, "दिली असती, तर आज मीही तुमच्यासारखी डोक्याला हात लावून बसले असते. चला, कुदळी काढा."

दुसऱ्या दिवसापासून आवडाई घरोघर फिरू लागली. तिच्या चुलीवर धुरात टांगलेले सुके दुधी होते, त्यांत राखेत घोळवलेलं बी होतं. लाल भोपळा, दुधी, पडवळ, शिराळं, काकडी, चवळी, भेंडी, लाल माठ. पण ती बी कुणाच्या हातात देईना. "हातात दिलं तर शिजवाल," म्हणायची. "पोटात भूक आहे, तुमचा दोष नाही. मी मातीत घालते." अंगणात, परसात, गोठ्यांच्या रिकाम्या जागेत लोक आळी खणायचे आणि ती गुडघ्यावर बसून बी टोचायची. गोठ्यांतली माती खतावलेली होती, तिथे वेल सगळ्यांत जोरात आले.

तोवर गाव रानातला टाकळा खाऊन जगलं, कुर्डू खाऊन जगलं. कणगीतलं धान्य पेजेपुरतं मूठ मूठ निघायचं. गोमती बाळंत झाली श्रावणाच्या सुरुवातीला, मुलगी झाली. मुलगी बारीक, पण आवाज खणखणीत.

आणि वेल? वेल असे वाढले की असं म्हणतात, आवडाईच्या कातळावरून निघालेला भोपळ्याचा एक वेल पहिल्या घराच्या छपरावर चढला, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, आणि गावाच्या शेवटच्या घरावरून खाली उतरला. खाडीकडून आलेल्या एका कोळणीला टेकडीवरून गाव दिसलंच नाही. जंगलाने गाव गिळलं, असं समजून ती पाटी घेऊन मागे फिरली.

पण नुसत्या पानांनी पोट भरत नाही. त्या श्रावणात पाऊस थांबेना. सात दिवस, दहा दिवस, धार तुटेना. वेलांना पिवळी फुलं येत होती, मादीफुलांच्या मागे सुपारीएवढी फळं धरत होती, आणि तीन दिवसांत पिवळी पडून गळत होती. प्रत्येक सकाळी अंगणात गळलेल्या फळांचा सडा. धाकोजीने एक उचलून दाबलं, ते मऊ लागलं. घरात गोमतीचं दूध आटत चाललं होतं. मुलगी रडायची, मग रडायची थांबायची, आणि ते थांबणं ऐकून धाकोजी बाहेर पावसात येऊन उभा राहायचा.

तो कातळावर गेला. "आवडाय," म्हणाला, "वेल आपल्याला फसवतायत."

आवडाई एका फुलाकडे वाकून बघत होती. "वेलाचा काय दोष? माशी दिसते का कुठे? मधमाशी या पावसात बाहेर पडत नाही. नराची धूळ मादीपर्यंत न्यायला कुणी नाही."

"मग?"

"मग आपण माशी व्हायचं."

संध्याकाळी तिने नरफुलांच्या मिटलेल्या कळ्या खुडल्या. ज्या फुलाच्या मागे फळ नसतं, देठ सरळ लांब असतो, तो नर. करवंटीत घोटभर पाणी घालून त्या कळ्या तिने चुलीजवळ कोरड्यात ठेवल्या. पहाटे त्या उमलल्या तेव्हा आतली धूळ कोरडी, पिवळीधमक होती. डोक्यावर पानांचं इरलं घेऊन ती पावसात निघाली. घराघरासमोर थांबायची, मादीफूल उमललं की त्यावर इरलं धरायची, बोटाने धूळ टिपून हळूच आत लावायची, आणि भोपळ्याचंच पान दुमडून त्यावर टोपी घालायची. आधी लोक दारातून बघत राहिले. मग धाकोजी आला. त्याचं बोट जाड, पहिलं फूल त्याने फाडलं. आवडाईने त्याच्या मनगटावर चापट मारली. "नांगर नाही तो! बाळाच्या ओठाला बोट लावतोस तसं लाव."

तिसऱ्या दिवसापासून अख्खं गाव पहाटे फुलांपाशी असायचं. दुधी आणि शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून संध्याकाळीही. आपल्या दारचं कुठलं आणि दुसऱ्याच्या दारचं कुठलं, ते कुणी बघेनासं झालं. जो जिथे पोचला तिथलं फूल त्याने लावलं. सात पहाटा आवडाई झोपली नाही, असं म्हणतात. आणि असंही म्हणतात की तिच्या दहाही बोटांचा पिवळा रंग पुढे कधी गेला नाही. राखेने घासला, चिंचेने घासला, जाईना.

मग सगळे वाट बघू लागले. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकोजी परसात गेला. त्याने आधी खाली बघितलं. जमिनीवर एकही फळ नव्हतं. मग त्याने पान उचललं. सुपारीएवढा भोपळा लिंबाएवढा झाला होता. हिरवागार, टणक, लव असलेला. त्याने हात लावला नाही. शेजारच्या वेलापाशी गेला, तिथेही तेच. तो तिथेच चिखलात बसला आणि मोठ्याने हसू लागला. त्याचं हसणं ऐकून शेजारचे बाहेर आले, आणि घराघरातून ओरडा सुरू झाला, "धरला! आमचाही धरला!" गेल्या दोन महिन्यांत गावात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

आठ दिवसांत पहिली कोवळी काकडी निघाली, मग भेंडी, मग हातभर पडवळ. पहिला दुधी आवडाईने स्वतः खुडला, वाफेवर शिजवला, त्यात मीठ आणि दोन मिरे घातले आणि गोमतीपुढे ठेवला. "सगळा खा. कुणासाठी ठेवायचा नाही." गोमतीने ताटली पुसून खाल्ली. रोज एक दुधी तिच्या घरी जाऊ लागला. चौथ्या दिवशी मुलगी पोटभर प्यायली आणि पिता पिताच झोपली. गोमतीने सासऱ्याला हाक मारली, "मामंजी, झोपली हो!" धाकोजी दारातच उभा राहिला. त्याला आत जायचं धाडस होईना, उगाच जाग यायची.

भाद्रपदातली पंचमी आली. आवडाई म्हणाली, "आज सगळ्यांनी जे आहे ते घेऊन या." देवळापुढे तीन दगडांची चूल मांडली, त्यावर गावजेवणाचं मोठं भांडं ठेवलं. कुणी अळू आणलं, कुणी माठ, कुणी पडवळ, शिराळी, भेंडी, कुणी पिकू लागलेला भोपळा. सुरण घशाला खाजेल म्हणून आमसुलं पडली, शेवटी ओलं खोबरं आणि मिरची. मसाला नव्हताच कुणाकडे. झाकण काढलं तेव्हा जो वास आला, त्या वासाने म्हातारी माणसं रडली, असं म्हणतात. गाव जेवलं. वास टेकडीपलीकडे गेला, तिकडची उपाशी गावं आली, ती जेवली. ती कोळीणही आली. आवडाई पिवळ्या बोटांनी वाढत राहिली आणि भांडं काही सरेना. आता ते खरंच सरलं नाही, की लोकांनीच भूक आवरती घेऊन दुसऱ्याला पुढे केलं, ते तुम्ही ठरवा. मला सांगणाऱ्याने दोन्ही सांगितलं होतं.

जाताना त्या गावांनी बी नेलं. या वेळी आवडाईने ते लोकांच्या हातात दिलं.

पुढच्या वर्षी घाटावरून नव्या बैलांच्या जोड्या आल्या, शेतं पुन्हा नांगरली गेली. धाकोजीने पहिली जोडी आवडाईच्या दारात आणून उभी केली. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, त्यांना काकडीच्या साली चारल्या आणि परत पाठवलं. म्हातारी होऊन ती एका श्रावणात गेली. तिला निरोप द्यायला माणसांच्या आधी मधमाश्या जमल्या होत्या, असं म्हणतात.

पंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, ही रीत सगळीकडेच आहे. ती ऋषींच्या नावाने पाळतात. शिरसोळ्यात मात्र आवडाईच्या नावाने पाळतात. श्रावणात भोपळ्याला फूल आलं की आमच्याकडे आपल्या वेलाला आधी कुणी बोट लावत नाही. आधी शेजारच्या परसात जायचं, त्याची फुलं लावायची, मग आपली. आणि पंचमीला देवळापुढची भाजी शिजली की पहिलं ताट गावातल्या बाळंतिणीला जातं. ती खाईपर्यंत बाकी कुणी तोंडात घास घालत नाही.

गेल्या वर्षी गावात एकही बाळंतीण नव्हती. पोरंसोरं शहरात, गावात म्हातारेच जास्त. तरी भाजी शिजली, स्टीलच्या डब्यात भरली, आणि आमचा एकजण मोटारसायकलवरून तालुक्याच्या दवाखान्यात गेला. तिथे कुठल्याशा लांबच्या गावची एक पोर आदल्या दिवशी बाळंत झाली होती. तिने डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, "कुणी दिलं हो?"

तो म्हणाला, "आवडाईने. तू खा, आम्ही थांबलोय."

मग त्याने देवळात फोन केला, आणि इकडे पंगत बसली.