निळूचा उपास

काचेच्या पेटीत छोटंसं रान वसवायची हौस माणसांना नवी नवी लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका पेटीत निळू नावाचा चिमुकला निळा बेडूक राहायचा. पानावर त्याची चार अंडी होती आणि तो डोळ्यांत तेल घालून त्यांची राखण करी.

उन्हाळा तापला. पेटी आतून घामेजली आणि ओल्या लाकडावर पांढरी बुरशी चढली. मालकीणबाईंनी पेटीवरचा दिवा मालवला, काचेचं झाकण काढून जाळी बसवली. उकाडा उतरला, पण बुरशी अंड्यांच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती.

मातीत तिळाहून बारीक किडे राहत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या चिंगाक्कावर निळू खेकसला, "बुरशी खाणं तुमचं काम ना? मग झोपा काढता काय?"

"अरे बाबा, आम्ही उरलोय किती?" चिंगाक्का पानाआडूनच म्हणाली. "कालपर्यंत तूच आम्हाला फुटाण्यांसारखं मटकावत होतास!"

निळू वरमला. "मग आता काय करू, आक्का?"

"तोंड मीट. आमची पोरंबाळं वाढू देत."

त्या दिवसापासून बाई टाकत तेवढ्या चार माश्यांवर निळूने भागवलं. नाकासमोरून किडे जात, पोटात कावळे ओरडत, पण त्याने जीभ बाहेर काढली नाही. एक अंडं बुरशीने गिळलंच. मग मात्र किडे वाढले आणि ती मागे हटली.

तीन अंडी फुटली. पहिल्या पिल्लाला पाठंगुळी घेऊन निळू त्याला पेटीतल्या पाण्यात सोडायला निघाला, तर वाटेत किड्यांची ही लांब रांग!

"जा, आधी तुम्ही जा," निळू म्हणाला आणि बाजूला सरकून उभा राहिला.