शनिवारची चिठ्ठी

"...मग या तिघांपैकी कोणतं घेऊ, सर?"

हेमंत ढोमणेने तीन कंपन्यांची माहितीपत्रकं टीपॉयवर पसरली. नागपुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयाचा तो संगणकप्रमुख. तीस वर्षांच्या रुग्णांच्या नोंदी संगणकाच्या चुंबकी टेपवर जपून ठेवणारं सॉफ्टवेअर त्याला निवडायचं होतं. सोमवारी करारावर सही.

समोर, आपल्या घरी, वझलवार सर. चौदा वर्षांपूर्वी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालेले. टेप हातात कशी धरायची, हे हेमंतला त्यांनीच शिकवलं होतं.

सर पत्रकांकडे पाहतच नव्हते.

"आपली टेपांची खोली आठवते? बाहेर मे महिना, आत आपण स्वेटर घालून."

हेमंत हसला. "चपला बाहेर, चहा बाहेर. मोठ्या साहेबांनाही तुम्ही चपला काढायला लावल्या होत्या."

"अन् टेप फिरायला लागली की..."

"...नुसत्या आवाजावरून सांगायचे तुम्ही, ही आज अडणार म्हणून."

दोघंही थोडा वेळ त्या खोलीत जाऊन आले. गेलेल्या दिवसांची ओढ मोठी वाईट. कामाचं बोलायला आलेला माणूसही तिथं रेंगाळतो.

मग हेमंत भानावर आला आणि त्याच्या विद्वत्तेला पूर आला. कोणतं तासाला किती लिहितं, कोणतं कमी जागेत किती माहिती दाबून बसवतं, कोणतं परदेशात कुणी घेतलंय. पाऊण तास.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"ठेवतात कसं, ते समजलं. परत देतात का?"

"लिहून झालं की हिरवी खूण येते, सर."

"जुन्यातही येत होती?"

हेमंत पत्रकं गोळा करू लागला.

"गेल्या महिन्यात एक बाई आल्या," तो शेवटी म्हणाला. "बारा वर्षांनी दुखणं उलटलं होतं. डॉक्टरांना जुनी नोंद हवी होती... टेपच्या नोंदीपुढे हिरवी खूण होती, सर. आत काहीच नव्हतं."

"काय म्हणाल्या?"

"'राहू द्या भाऊ, तुम्ही तरी काय करणार.' मलाच धीर देऊन गेल्या."



"शनिवार केव्हा बंद केला?"

"तुम्ही गेल्यावर... वर्षभरात."

सरांच्या काळी दर शनिवारी डब्यातून टेपचा आकडा लिहिलेली एक चिठ्ठी काढत. त्या आकड्याची टेप लावायची, तिच्यातून एका रुग्णाची नोंद परत आणायची आणि त्याचं नाव मोठ्याने वाचायचं. मगच जेवणाचे डबे उघडायचे. प्रमुख झाल्यावर हेमंतला ते पोरकट वाटलं होतं.

सर उठून आत गेले. आले तेव्हा हातात तोच चिठ्ठ्यांचा, पोचे आलेला स्टीलचा डबा होता. हेमंतने तो भंगारात काढला होता; सरांनी तो तिथून उचलून आणला असणार.

त्यांनी झाकण उघडून डबा पुढे धरला.

हेमंतने चिठ्ठी काढली. एक्केचाळीस. अक्षर त्याचंच होतं, विशीतलं, आकड्याखाली ऐटीत दोन रेघा मारलेलं. 

"पण सर... सॉफ्टवेअर?"

"कोणतंही घे."

"कोणतंही?"

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"मग इथं बसून काय करून राहिला तू?"