ठिपकी रुळत नाही

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. गाडीने रांग सोडायची नाही आणि का ते विचारायचं नाही, हे ठिपकीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

खडकओहोळची पॅसेंजर बंद झाली आणि तिच्या जागी ठिपकीसारख्या तीस छोट्या, आपल्या आपण चालणाऱ्या मोटारी आल्या. त्यांना शिकवायला ठेवलं म्हाताऱ्या इंजिनाला आणि सिग्नलला. दोघांनी तिसांनाही एकामागे एक जुंपलं आणि रुळांच्या कडेने या स्टेशनातून त्या स्टेशनात पळवलं. "रुळाल हळूहळू," इंजिन म्हणायचं.

एका दुपारी सगुणाबाई ठिपकीत बसल्या. गुडघे सुजलेले, आणि गाव टेकडीपलीकडे.

"स्टेशनात उतरा नि चाला," सिग्नल म्हणाला. "चाळीस वर्षं चालताय की."

"तेव्हा पाय ऐकत होते, बाबा."

"मग स्टेशनाजवळ राहायला या."

ठिपकीने रांगेबाहेर चाक काढलं आणि टेकडीकडे वळवलं.

"ठिपके, रुळावरून घसरशील," इंजिन ओरडलं.

"मी रुळावर होते कधी, आजोबा? तुम्हाला वळता येत नव्हतं, म्हणून माणसं तुमच्यापर्यंत चालत आली. मला वळता येतं. मी नाही रुळणार."

"माझ्यातले मास्तर वरच्या वाडीचे आहेत," मागची मोटार हळूच म्हणाली आणि तीही वळली.

सिग्नलचा हात अडवायला आडवा झाला होता. तो सावकाश खाली आला.